मृदंग – सेवा

आमच्याकडे सप्ताह संपला की काल्याच्या कीर्तनानंतर, पंगती बसायच्या आधी, माइकवरून हिशेब वाचून दाखवतात. एकरी वर्गणी किती जमली, साखरेचं पोतं कुणी दिलं, तेलाचे डबे कुणी दिले, आणि मग खर्च. मंडपाचे इतके, साउंडचे इतके, आचाऱ्याचे इतके, सरपण, पत्रावळ्या, आठ कीर्तनकारांची आठ पाकिटं. यादी खाली खाली सरकते आणि तळाशी येतं, ‘मृदंग – सेवा’. सेवा म्हणजे शून्य. औंढा नागनाथ तालुक्यातल्या आणि वसमत-जिंतूरच्या बाजूच्या बऱ्याच गावांच्या वह्यांत ते शून्य माझं आहे. पुष्कळ वर्षं मला त्या शून्याचा अभिमान होता. वाचणारा त्या ओळीवर आवाज थोडा चढवायचा आणि मंडपातून ‘पुंडलिक वरदे’ व्हायचं.

मी सिद्धेश्वरला धरणाच्या कालव्यावर चौकीदार आहे. पूर्णा नदीवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी धरणांची जोडी आहे. येलदरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी आमच्या जलाशयात येतं आणि इथून कालव्यानं वसमत, परभणी, पूर्णा, पार नांदेडकडच्या रानांत जातं. पाळी सुटली की माझ्या वाट्याच्या लांबीत फिरायचं, चारीचं दार कुणी ठरल्यापेक्षा जास्त उचललंय का ते बघायचं, रात्री कालव्यात पाइप टाकून मोटर लावणाऱ्याशी हुज्जत घालायची, आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचा फोन आला की ‘येतंय, येतंय’ म्हणायचं. दर महिन्याला पगार होतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. छंदाविषयी बोलणारे बहुतेक लोक एवढंच सांगायचं विसरतात.

मृदंग मी लहानपणी शिकलो. शिकवणारे महाराज आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत राहून आलेले. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली काढलेली ही संस्था. तिथं शिकताना महाराजांनी माधुकरी मागून दिवस काढले होते आणि कुणी त्यांच्याकडून शिकवण्याची फी घेतली नव्हती, म्हणून त्यांनीही आमच्याकडून घेतली नाही. फक्त कणीक घरून आणायची. मृदंगाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावावी लागते, त्याशिवाय धुमेतून खर्ज निघत नाही. वाजवून झालं की खरवडून काढायची. उजव्या पुडीवर शाई असते, ती कायमची. तिचा सूर गट्ट्यांवर हातोडी मारून चढवायचा-उतरवायचा. धरणाकाठी राहणाऱ्याला हे फार करावं लागतं. पावसाळ्यात दमट हवेनं पुडी ढिली पडते आणि वैशाखात एवढी ताणते की एखाद्या दुपारी खोलीत कुणी नसताना ती आपोआप तडकते. आता मी पोरांना शिकवतो तेव्हा माझीही फी नाही आणि कणीक त्यांनी घरून आणायची आहे. आयांची कुरकुर असते, पण ती पीठ वाया जातं म्हणून.

नोकरी लागल्यावर मृदंग सुटला नाही, उलट वाढला. रब्बीच्या पाळीत रात्री चौकीवर बसून राहावं लागतं. नोव्हेंबर-डिसेंबरची थंडी, बाजूला कालवा वाहतोय, मोबाइलला रेंज नाही. तिथं मी मांडीवर बोल वाजवायचो. किट तक गदि गन, किट तक गदि गन, तासन्‌तास. मांडीवर वाजवण्याचा एक फायदा असतो: आवाज येत नाही, त्यामुळे हात काय करतोय ते कळतं. पुढे सप्ताहांची बोलावणी येऊ लागली. पिकं निघाल्यावर चैत्र-वैशाखात, श्रावणात, नाहीतर मार्गशीर्षापासून माघापर्यंत, कुठल्या ना कुठल्या गावात मंडप असतोच. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथ्याचं भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊला कीर्तन, मग जागर. विणा सात दिवस खाली ठेवायची नाही, गावकरी पहारे लावून घेतात. मृदंगवाल्याला मात्र पहारा नसतो, तो बहुधा एकटाच असतो. काकड्यापासून कीर्तनापर्यंत त्याचीच बोटं.

रजा टाकून, सुट्ट्या जोडून, दिवसा ड्युटी करून रात्री मोटरसायकलवर जाऊन मी वाजवायचो. नारळ, टोपी, उपरणं एवढंच घ्यायचो. कीर्तन रंगात आलं की महाराज निरूपण थांबवून चाल घेतात, गायक ती उचलतात, टाळकऱ्यांच्या दोन्ही रांगा पुढे-मागे हलू लागतात आणि मृदंगाला मोकळीक मिळते. त्या वेळी लोक उठून येतात आणि दहा-वीसची नोट मृदंगावर ठेवून पाया पडतात. त्या नोटाही मी कमिटीकडे जमा करायचो. कारण तुकोबा. कीर्तन जिथं करावं तिथं अन्नसुद्धा घेऊ नये, पैसा देणारा आणि घेणारा दोघेही बुडतात, असं तुकोबांनी फार कडक सांगून ठेवलंय आणि वारकऱ्यांत ते लहान पोरालाही पाठ असतं. पाठ असूनही पाकिटं चालतात, तो भाग वेगळा. नारदीय कीर्तनात निदान आरतीचं तबक उघडपणे श्रोत्यांतून फिरायचं. आमच्यात पाकीट उपरण्याच्या घडीत जातं.

हे असंच चाललं असतं. पण शेजारच्या गावचा एक तरुण मृदंगवाला एका सप्ताहाच्या वेळी, पंगत उठल्यावर, हात धुता धुता माझ्याशी बोलला. मला तो मामा म्हणतो. घरी जमीन नाही, बाप हळदीच्या कढया चालवायला दुसऱ्याच्या शेतावर जायचा. पोरगा आळंदीला शिकून आला, हात माझ्यापेक्षा तयार आहे, आणि वर्षभर त्याचं पोट याच्यावरच चालतं.

‘मामा, एक बोलू का? राग धरू नका.’

‘बोल की.’

‘कमिटीवाले मला म्हणतेत, धरणावरचे मामा सेवा म्हणून येतेत, तुला सात दिवसांचे एवढे कशाला द्यावं? दोन गावांनी मला सांगितलं आणि मग तुम्हाला बोलावलं.’

मी तुकोबांचं सांगितलं. त्यावर त्यानं जे उत्तर दिलं ते मी शब्दाशब्दानं लक्षात ठेवलंय.

‘तुकोबांच्या घरी दुकान होतं, मामा. महाजनकी होती. त्यांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली. माझ्याकडं बुडवायला खतं कुठं आहेत?’

पुढे त्यानं सगळे संत बोटावर मोजले. सावतोबांचा मळा, गोरोबांचं चाक, नामदेवांचं शिंपीकाम, सेनामहाराजांची धोपटी. ‘प्रत्येकाला पोटासाठी एक काम होतं आणि भजन वरून. माझं चाक म्हणा, मळा म्हणा, हाच आहे,’ असं म्हणून त्यानं ओले हात उपरण्याला पुसले आणि हरिपाठाला निघून गेला.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. फुकट वाजवणाऱ्याला कुणी दोष देतं का? पण मी कालव्यावर उभं आयुष्य काढलंय. वरचा माणूस दार थोडं जास्त उचलतो तेव्हा त्याच्या मनात कुणाचं वाईट नसतं. त्याला पाणी हवं असतं, एवढंच. टोकाच्या माणसाची पाळी मात्र कोरडी जाते.

नामदेवांचं नाव निघालं म्हणून सांगतो. त्यांचं जन्मगाव म्हणून सांगतात ते नरसी आमच्याच जिल्ह्यात, कयाधूच्या काठी. औंढ्याच्या देवळाची कथा तर सगळ्यांना माहीत आहे: पुजाऱ्यांनी नामदेवांना समोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच फिरलं. नंदी मागे आहे तो तेव्हापासून, असं लोक दाखवतात. मला या गोष्टीपेक्षा दुसरी जास्त आठवते. वडिलांनी नामदेवांना कापड विकायला बाजारात पाठवलं. त्यांनी ते रानातल्या धोंड्यांना थंडी वाजत असेल म्हणून पांघरलं आणि एका धोंड्यालाच जामीन धरून घरी आले. कीर्तनात ही कथा आली की लोक हसतात आणि पुढे धोंड्याचं सोनं झालं की टाळ्या वाजवतात. मी मृदंगावर बसलेला असतो, म्हणून मला बायकांची बाजू समोर दिसते. त्या बाजूला हसू थोडं कमी असतं. नामदेवांच्या बायकोच्या, राजाईच्या, नावावर जे अभंग आहेत त्यांत घरातल्या ओढाताणीचं गाऱ्हाणं आहे. सोनं झालं असेल तर हे गाऱ्हाणं कशाचं, असं एकदा मी एका कीर्तनकार महाराजांना विचारलं. त्यांनी पान लावलं आणि विषय बदलला.

तर मी एक नियम केला. ज्या सप्ताहात मंडपवाल्याला पैसे मिळतात, साउंडवाल्याला मिळतात, कीर्तनकाराला पाकीट मिळतं, तिथं मृदंगालाही मिळालं पाहिजे, आणि माझा दर त्या पोराच्या दराएवढाच, एक रुपया कमी नाही. जिथं कुणालाच काही नाही, म्हणजे आमच्या गावचं एकादशीचं भजन, कुणाच्या घरची दहाव्याची रात्र, पोरांचा हरिपाठ, तिथं मीही फुकट. नियम सांगायला सोपा होता. पहिल्या कमिटीला फोनवर आकडा सांगताना माझी जीभ जड झाली. पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही, मग ‘मामा, तुम्ही पण?’ असं आलं. दोन-तीन गावांनी बोलावणं बंद केलं. एका गावानं त्या पोराला बोलावलं, कारण आता दोघांचा दर सारखाच होता आणि हात त्याचा चांगला होता. हिशेब बरोबर बसला.

नोकरीच्या बाजूनंही विचार करावा लागला. सरकारी नोकराला शासनाच्या परवानगीशिवाय धंदा करता येत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ चे आहेत, त्यांत ते लिहिलंय. साहित्य, कला किंवा शास्त्र या प्रकारचं काम अधूनमधून करायला मोकळीक आहे, कामावर परिणाम होता कामा नये एवढी अट. ‘अधूनमधून’ म्हणजे नेमकं किती, हे कोण ठरवणार? मी लेखी विचारून घेतलं आणि रजेशिवाय दिवसा कुठं गेलो नाही. बाकी तपशील कंटाळवाणा आहे. पण ज्यांची पक्की नोकरी आहे आणि जे छंदातून चार पैसे मिळवायचं म्हणतात, त्यांनी हा कंटाळा आधी करून घ्यावा.

पैसे घ्यायला लागलो म्हणून वाजवण्यातली गोडी गेली का? सगळे हेच विचारतात आणि उत्तर ‘हो’ यावं अशी त्यांची इच्छा असते. नाही गेली. पहिल्या वर्षी तर वाढली. पाकिटाच्या पैशातून मी खैराच्या खोडाचा नवा मृदंग घेतला. जुन्यावर कधीच न निघालेला आवाज त्यातून निघायला लागला आणि मी नव्या नवरीसारखा त्याला फडक्यात गुंडाळून ठेवायचो. पैसे देणाऱ्या गावात मला जेवायला वेळेवर बोलावू लागले, झोपायला खोली मिळू लागली. आधी मंडपातच आडवा व्हायचो. फुकट येणाऱ्याची सोय कुणी बघत नाही, त्याची भक्ती बघतात.

बदल दुसरीकडे झाला. घरी. मुलीला नांदेडला नर्सिंगला घातलं आणि तिच्या वसतिगृहाची फी मृदंगाच्या पैशातून जाऊ लागली. दोन-तीन महिन्यांत मंडळी विचारायला लागली, ‘या महिन्यात किती सप्ताह आहेत?’ प्रश्न साधा होता, तिचा हिशेबही बरोबर होता. पण तोपर्यंत मृदंगाविषयी घरात कुणी मला कधी काही विचारलं नव्हतं. मी कधी येतो, कधी जातो, एवढंच विचारायची. आता तो आमच्या दोघांचा झाला. एका श्रावणात मला ताप होता आणि मी एका गावाला नको म्हणणार होतो, तर तिनं गोळी आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि काही बोलली नाही. मी गेलो. वाजवलं, बरं वाजवलं. येताना मोटरसायकलवर विचार आला की या आधी मी कितीदा तापात वाजवायला गेलो असेन, आणि तेव्हा तीच मला अडवायची.

दुसरा बदल हातात झाला, आणि तो कळायला जास्त वेळ लागला. लोकांना मृदंगात काय आवडतं हे पैसे घेणाऱ्याला फार लवकर समजतं. आवडते ती द्रुत लय. चाल चढली की पावलीचा ठेका, वर लग्ग्या, मग एकदम थांबून तिहाई. मंडपात शिट्टी पडते, नोटा येतात, कमिटीचा अध्यक्ष पुढच्या वर्षाची तारीख तिथंच सांगून टाकतो. मग रियाजाला बसलो की हात तिकडेच वळायचा. चौकीवर रात्री मांडीवर वाजवतानासुद्धा मी मंडप भरलेला धरून वाजवत होतो. पूर्वी मी चौताल घोकायचो, बारा मात्रांचा, ठाय लयीत. धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन. सप्ताहात त्याला कुणी विचारत नाही. दोनेक वर्षांनी एकदा वाजवायला गेलो तर सम चुकली नाही, पण मधल्या जागा रिकाम्या वाटायला लागल्या, त्या भराव्याशा वाटायला लागल्या. ठाय लयीत गप्प बसता येणं हीच खरी विद्या असते, आणि माझा हात गप्प बसायचा विसरला होता. याला पैसा कारण, असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं शिट्टी कारण होती. फुकट वाजवतानाही शिट्टी पडायचीच, पण तेव्हा ती पुढच्या तारखेशी जोडलेली नव्हती.

आमच्या भजनात एक जिल्हा परिषदेचे गुरुजी टाळ धरतात. वाचणारा माणूस. त्यांनी मला एक प्रयोग सांगितला. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी केलेला, १९७३ साली छापून आला. तीन ते पाच वर्षांची, स्केचपेननं चित्रं काढायची मनापासून आवड असलेली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी ताऱ्याचं आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना काहीच सांगितलं नाही, नंतर अचानक तेच प्रमाणपत्र दिलं. काहींना काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी वर्गात पेनं नुसती मांडून ठेवली. ज्यांना बक्षीस आधी कबूल केलं होतं त्यांनी बाकीच्यांपेक्षा जवळपास निम्मा वेळच चित्रं काढली. अचानक मिळालेल्यांचं काही बिघडलं नाही. गुरुजींना यातून असं सांगायचं होतं की मामा, पाकीट आधी ठरवू नका, नंतर कुणी दिलं तर घ्या.

प्रयोग मला पटला. हाताचं जे झालं ते बरोबर त्यात बसतं. पण त्या बालवाडीतली पोरं डबा घरून आणत असणार. चित्र काढलं नाही तर त्यांच्या घरची चूल थांबणार नव्हती. ज्याचं जेवण त्या पेनवर आहे, त्याची आवड पैशानं कमी होते की टिकते, हे मोजायला ते थांबले नाहीत. मी त्या पोराकडे बघतो. तो वर्षातून कितीतरी सप्ताह वाजवतो, प्रत्येकाचं ठरवून घेतो, आगाऊ घेतो, आणि काकड्याला पाच मिनिटं उशीर झाला तर त्याचा चेहरा पडतो. हात धुवायच्या आधी मृदंग पुसतो. त्याला आवड आहे की नाही, असं विचारणंच मला आगाऊपणाचं वाटतं. ‘छंद की धंदा’ हा प्रश्न पगारवाल्याचा आहे. त्या पोराला हा प्रश्न पडतच नाही. त्याला पडणारा प्रश्न असा की चैत्रात दोन तारखा एकावर एक आल्या तर कुठली सोडू.

माझ्याकडे पगार होता म्हणून मला ‘नको’ म्हणता येत होतं, आणि मृदंगाचे पैसे घरखर्चात मिसळले तसं ते म्हणणं अवघड होत गेलं. एवढंच झालं. घेतलेल्या पैशानं मला बांधलं नाही, त्या पैशावर खर्च धरला त्यानं बांधलं. मुलीचं शिक्षण झालं, ती आता नोकरी करते, आणि मंडळींनी सप्ताह विचारायचं आपणहून सोडलं. तेव्हापासून तारीख आली की मी आधी त्या पोराला फोन करतो. तो मोकळा असेल तर तो जातो. नसेल तर मी जातो, दर तोच. माझं पाकीट आता बँकेत वेगळ्या खात्यात पडतं आणि त्यातून पोरांच्या मृदंगांच्या पुड्या बसवून आणतो. याला मी सेवा म्हणत नाही. पुड्या महाग झाल्यात.

मधे एक भाचा मागे लागला होता, ‘मामा, चॅनल काढा, लाखो लोक बघतेत.’ त्यानं चौकीवर येऊन माझे दोन-तीन व्हिडिओ घेतलेही, मागे कालवा आणि पुढे मी. अर्ध्या मिनिटात काहीतरी व्हायला पाहिजे म्हणाला. चौतालाची ठाय लयीतली दोन आवर्तनं होतात न होतात तोवर अर्धं मिनिट संपतं. त्याचा नाद त्यानंच सोडला.

चौताल मात्र मी परत धरला. परभणीला एक वयस्कर पखवाजिया आहेत, नाना पानसे परंपरेतलं थोडंफार त्यांच्याकडे आलेलं आहे. नाना पानसे वाईजवळच्या बावधनचे, एकोणिसाव्या शतकात इंदूरला होळकरांकडे होते, आणि त्यांच्यापासून महाराष्ट्रात पखवाजाचं एक घराणंच झालं. पखवाज आणि आमचा मृदंग, वाद्य एकच म्हणा, पण त्या बाजूचा अभ्यास सप्ताहाच्या कामाचा नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं जातो, तास-दीड तास बसतो, दुपारच्या गाडीनं परत येतो. त्यांना मी फी देतो आणि ते मोजून घेतात. मला ते आवडतं. एकदा सुटे नव्हते म्हणून कमी दिले तर पुढच्या वेळी आठवणीनं मागितले.

निवृत्तीला आता थोडी वर्षं राहिलीत. लोक म्हणतात, पेन्शन सुरू झाली की पूर्णवेळ सप्ताह करा, पैसाही मिळेल आणि पुण्यही. पेन्शन असलेल्या माणसानं पूर्णवेळ त्या पोराच्या तारखा खायच्या, यात पुण्य कुठलं ते मला कळत नाही. मी तोंडावर हो म्हणतो. मराठवाड्यात तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही.

या उन्हाळ्यात तो पोरगा एका संध्याकाळी धरणावर आला. त्याच्या मृदंगाच्या वाद्या बदलायच्या होत्या आणि माझ्याकडे ओढून द्यायला माणूस होता. मी तेव्हा चौताल वाजवत बसलो होतो. तो गट्टे काढत काढत ऐकत राहिला.

‘मामा, हे कुठं वाजवायलात?’

‘कुठंच नाही.’

‘कुठंच?’

‘कोण बोलावणार?’

तो हसला. मग म्हणाला, ‘मला दाखवा. आळंदीला थोडं झालं होतं, मग वेळच भेटला नाही.’ ठाय लयीत त्याचा हात माझ्यासारखाच रिकाम्या जागेत घुसत होता. मी दोनदा थांबवलं. तिसऱ्यांदा त्यानं स्वतःच थांबवलं आणि घड्याळ बघितलं.

‘उद्या येतो,’ म्हणाला, ‘पण चारच्या आत. मला वसमतला हरिपाठाला पोचायचंय.’